बशी किती हात दिसते

परवा माझी नात अश्विनी हूटगळ्ळीहून आली, चप्पल काढायच्या आधीच फोन माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "अज्जी, नोडी इल्ली! समुद्रात तोंड घालून मासे बघायच्या जागा. बोट नको, काही नको, काठावरून सरळ पाण्यात." नकाशावर किनाऱ्याच्या कडेनं लाल टिकल्या लावलेल्या होत्या. ती आणि तिच्या ऑफिसातल्या चार मैत्रिणी पुढच्या आठवड्यात निघणार होत्या. मी चष्मा पुसून नीट बघितलं आणि विचारलं, "सगळं खरं गं, पण तिथं बशी किती हात दिसते?" पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार. तिला काय सांगू? त्या किनाऱ्यावर कुणी टिकल्या लावायच्या कितीतरी आधी आम्ही दोघीजणी, मी आणि माझी वेणूआत्या, दोरी बांधलेली पांढरी बशी घेऊन तिथं हिंडलो होतो. तिला तोंडी सांगायला बसले तर मधे तिचा फोन वाजला, मग सांगायचं राहिलं. म्हणून आता लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात राहायचो, कॉफीपूड दळायच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. सकाळी ते यंत्र घरघरायला लागलं की आमच्या फळीवरचे पेले थरथरायचे आणि घरभर भाजक्या बियांचा वास पसरायचा. कॉफी प्यायच्या आधीच आमची अर्धी कॉफी व्हायची. घरात अण्णा, आई, मी आणि अण्णांची थोरली बहीण वेणूआत्या. आत्या ऐन तरुणपणी विधवा झालेली, शिकलेली, मुलींच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची. आमच्या घरात सगळे मराठी बोलायचे, पण रागवायचे कन्नडमधून. आत्या तेवढी उलट होती. शाळेत दिवसभर कन्नड बोलून घरी आली की राग ठेवणीतल्या मराठीत काढायची. मी एकोणीस वर्षांची, पी.यू.सी.ला, म्हणजे बारावीला, दोनदा नापास होऊन घरात बसलेली. बसलेली हे म्हणायला. बसायचे कुठं? दारातून खिडकीत, खिडकीतून परसात. आई म्हणायची, "सुम्ने, गप्प एका जागी बस की गं, पायाला काय किडे लागलेत?" डिसेंबरात घरात अवरेकाळूचा, म्हणजे वालाच्या शेंगांचा, ढीग पडायचा. शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा. त्याची हुळी, म्हणजे आंबटसर आमटी, आणि वर तूप, आजही तोंडाला पाणी सुटतं. पण ते चिमटीचं काम तासन्‌तास करताना मला वाटायचं, कुणीतरी मलाच असं दाबून या सालातून बाहेर काढावं.

त्या थंडीत आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं ते मीच. ती फळ्यावर लिहिताना ओळीवर ओळ चढवायला लागली होती, आणि शेजारून कुणी बोललं की दचकायची. डॉक्टरांनी खूप वेळ तपासलं. काचबिंदू. नजर कडांकडून मिटत चालली आहे, समोरचं तेवढं दिसतंय, नळीतून पाहिल्यासारखं. औषधाचे थेंब घालायचे, पण गेलेलं परत यायचं नाही. आत्यानं बरं होण्याचं काही विचारलंच नाही. तिनं विचारलं, "नळी किती दिवस उघडी राहील?" डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. बाहेर येऊन ती रिक्षाची वाट बघत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "रत्ने, मी इतकी वर्षं पोरींना समुद्रातले जीव शिकवते. मी एकसुद्धा जिवंत पाहिलेला नाही." खरंच होतं ते. शाळेच्या कपाटात बरण्या होत्या, औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या. त्यात एक तारामासा होता, एक समुद्रातली साळू, म्हणजे काट्यांचा गोळा, होती, आणखी काय काय, सगळं धुतल्या वस्त्रासारखं पांढरं पडलेलं. ते समोर ठेवून आत्या शिकवायची की हे असं चालतं, असं खातं. समुद्र तिनं पाहिला होता तो एकदा, लग्नात, नवऱ्याबरोबर, वाळूत उभं राहून. "वरून पाहिला," ती म्हणायची. "लांबून काय, आभाळही दिसतं."

मग समुद्र आतून बघायची जी भुणभुण तिच्या मागं लागली ती थांबेना. कुठल्याशा मासिकात तोंडाला काच लावून पाण्यात पालथा तरंगणारा माणूस तिनं पाहिला होता. तशी काच म्हैसूरला कोण विकणार? मंडी मोहल्ल्यात देवादिकांच्या तसबिरी मढवणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडे गेलो. लॉरीच्या फाटक्या ट्यूबचं रबर, जाड काच आणि पत्र्याची पट्टी. तो म्हणाला, "अम्मा, आजवर मी देवांना काचेत बसवलं, माणसाला पहिल्यांदाच." पण आत्याचा चष्मा होता जाड, त्याच्याशिवाय तिला माझं तोंडही दिसायचं नाही. म्हाताऱ्यानं डोकं चालवलं. जुन्या चष्म्याच्या काड्या काढल्या आणि तो आतल्या बाजूनं काचेला लाखेनं चिकटवला. श्वासाला बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा. परसातल्या हौदात आमची तालीम सुरू झाली. आत्या हौदाच्या कठड्यावर पोट टेकून तोंड पाण्यात घालायची आणि मी तळाशी टाकलेल्या वस्तू ती ओळखायची. पहिल्या दिवशी आई धुणं घेऊन आली, नणंद हौदात उपडी पडलेली बघून तिनं बादली सोडली आणि "अय्यो देवरे" म्हणून जी किंचाळली, कॉफीवाल्यानं यंत्र बंद केलं.

अण्णांना मात्र सांगायची सोय नव्हती. पाण्याला ते फार भ्यायचे, त्यांचा एक मित्र तरुणपणी नदीत गेला होता. म्हणून आत्यानं सांगितलं, नाताळच्या सुट्टीत गोकर्णाला जाऊन देवदर्शन करून येते, डोळे आहेत तोवर. अण्णांनी मान खाली घातली. म्हणाले, "रत्नीला सोबत ने. दहा दिवसांत परत ये." निघताना आईनं चटणीपुडी, डब्यात चित्रान्न आणि इतके कोडबळे दिले की काशीला जाऊन आलो असतो. आत्यानं गुपचूप पिशवीत तीन वस्तू टाकल्या. ती काच, आजीचं नऊवारी इरकली लुगडं, आणि आमच्या स्वयंपाकघरातली इनॅमलची पांढरी बशी.

बशी ही आत्याची युक्ती. काठावरून समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो, निळा नाहीतर हिरवा, तो आत स्वच्छ आहे की नाही हे वरून कळत नाही. म्हणून बशीला तीन भोकं पाडून दोरी बांधली, दोरीला हाताहातावर गाठी. खडकावर उभं राहून बशी सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. मी मोजायचे आणि वहीत लिहायचे, कारण आत्याला दोरी दिसायची तर बशी नाही, बशी दिसायची तर दोरी नाही. पहिल्या जागी बशी एका हातावर गेली. वाळूचा किनारा, दिसायला चित्रासारखा, पण लाट आली की खालची सगळी वाळू वर. दुसऱ्या जागी नदी मिळत होती, तिथं तर बशी बुडाली आणि संपलीच, ताकात बुडवल्यासारखी. तिसरीकडे मासेमारीच्या होड्या, पाण्यावर तेलाचा तवंग. रोज नवी बस, नवा फाटा, फाट्यापासून डोक्यावर पिशवी घेऊन चालणं. तुटक्या पुलाशी उतरून विचारायचं, इथं खडक आहे का? लोक म्हणायचे, देऊळ तिकडे आहे. हळूहळू आम्हाला कळायला लागलं. वाळूपेक्षा खडक बरा. नदीच्या तोंडापासून लांब बरं. दुपारी वारा सुटतो, पाणी गढूळ होतं, तेव्हा सकाळीच जायचं. ओहोटी लागायच्या बेताला पाणी काही वेळ थबकतं, तेव्हा बशी जास्त खोल दिसते. अश्विनीच्या फोनवर यातलं एकही लिहिलेलं नव्हतं, मी बारकाईनं बघितलं.

पण दिवस चालले होते. चार झाले, पाच झाले. आत्या रात्री उशाशी घड्याळ ठेवून झोपायची आणि पहाटे मला हलवायची, "ऊठ, पाणी थांबेल." एकदा कोडबळं खाता खाता तिनं हात पुढं केला तो डब्याच्या शेजारी जमिनीवर पडला. दोनदा चाचपलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "डबा कुठं सरकवलास?" मी डबा हलवला नव्हता. मी म्हटलं, "हो, सरकवला." त्या दिवसापासून मीच तिच्यापेक्षा जास्त घाई करायला लागले. बस थांबायच्या आधी मी दारात उभी. एखादी जागा नुसती बरी दिसली की मी म्हणायचे, "हीच. आत्या, इथंच उतर पाण्यात." तीच घाई नडली.

सातव्या दिवशी आम्हाला एक जागा सापडली. डोंगराचा सोंडेसारखा खडक समुद्रात गेलेला, त्याच्या कुशीत लहानसा किनारा. खडकावरून बशी पाच हात दिसली, एवढी कुठंच दिसली नव्हती. आता पाण्यात शिरायचं कुठून? दोन्हीकडे लाटा फुटत होत्या, फेस उडत होता, आणि मधोमध खडकाला लागून एक पट्टा होता, सपाट, काळसर, एकही लाट नसलेला. म्हैसूरच्या माणसाला पाणी म्हणजे कावेरी. श्रीरंगपट्टणच्या घाटावर लहानपणापासून शिकवलेलं, फेस दिसला की तिथं ओढ आहे, सपाट दिसलं की तिथं उतरून अंघोळ करायची. मी बोट दाखवलं. "तो बघ घाट आयता बांधून ठेवलाय तुझ्यासाठी." लुगड्याचं एक टोक आत्याच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला, घाटावर म्हाताऱ्या बायकांना बांधतात तसं. आत्यानं काच तोंडावर चढवली, बशी हातात धरली आणि त्या सपाट पाण्यात उतरली.

चार पावलं गेली असेल. मग ती चालत नव्हती, जात होती. तोंड माझ्याकडे, हात माझ्याकडे, आणि मागं मागं समुद्राकडे जात होती, कुणीतरी पदर धरून ओढावं तशी. लुगडं ताणलं आणि मी तोंडावर आपटले. एका खडकाला पाय लावून मी ओढायला लागले. जेवढं ओढलं तेवढं ती पाण्याखाली जायला लागली. तेवढ्यात मागून एक बाई ओरडत आली, कमरेला टोपली, हातात कोयती. खडकावरच्या शिंपल्या खरवडायला आलेली. तिनं माझ्या हातातून लुगडं हिसकलं आणि कोंकणीत म्हणाली, "सरळ ओढू नाका गो! हांगासून उदक भायर वता. आडवें चल, आडवें!" आणि ती स्वतः लुगडं धरून किनाऱ्याच्या कडेकडेनं चालायला लागली, फेसाच्या दिशेनं. मीही धावले. आत्या तिरकी तिरकी त्या पट्ट्यातून बाहेर सरकली, आणि ज्या फेसाला मी भीत होते त्याच लाटेनं तिला उचलून वाळूवर आणून टाकलं.

काच गळ्यात लोंबत होती. बशी गेली होती. आत्या खोकत खोकत पाणी ओकली. ती बाई, तिचं नाव सोमी, आमच्या दोघींच्या मधे बसून तोंडाचा पट्टा चालवत होती. जिथं लाट फुटत नाही तिथूनच पाणी परत जातं, हे आमच्याकडे रांगतं पोर जाणतं, तुम्ही कुठल्या रानातून आलात? मी रडत म्हटलं, "आत्या, साकु, पुरे झालं. आज संध्याकाळच्या बसनं घरी. मी अण्णांना काय तोंड दाखवलं असतं?" आत्यानं तोंड पुसलं. "जागा कुणी निवडली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मी. "मग रडायचं तर तू रड. मी घाबरले नाही असं नाही. पण पुढच्या वर्षी मला ही काच लावून काय दिसणार आहे, सांग. तुला नको तर तू काठावर बस." इतकी कडू ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. लगेच तिनं माझा हात चाचपून धरला, पण बोललेलं परत घेतलं नाही.

सोमीनं सगळं ऐकलं. मराठी तिला कळत होतं आणि तिची कोंकणी आम्हाला. म्हणाली, मासे बघायचे ना, मग दर्याच्या तोंडात कशाला जाता? उद्या सकाळी ओहोटीला या. या सोंडेच्या मागं आम्ही बायका शिंपल्या काढतो तिथं खडकांची भिंत आहे, आत पाणी कोंडतं. गळ्याइतकं. बाहेर किती का लाटा असेनात, आत दिवा ठेवला तर विझायचा नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. मी रात्रभर झोपले नव्हते. वाट खडकांवरून, काळ्या शेवाळाची. सोमी पुढं, मधे आत्या, तिचा पाय कुठं पडतो ते बघत मागं मी. भिंतीच्या आतलं पाणी हिरवं आणि गप्प होतं. बशी नव्हती, म्हणून मीच आधी उतरले. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून खाली बघितलं तर माझ्या अंगठ्याचं नख दिसलं. आत्या उतरली, काच चढवली, वाकली, आणि लगेच वर आली. "धुकं. काचेवर सगळं धुकं." हौदात असं झालं नव्हतं, तिथं पाणी उन्हानं कोमट असायचं. पुसलं, पुन्हा धुकं. सोमी म्हणाली, "थुंक त्यात. चोळ आणि धू. आमचे दादले तसंच करतात." आत्या थबकली. मडीची, सोवळ्याची बाई ती, दुसऱ्याच्या पेल्याला ओठ न लावणारी, तोंडाला लावायच्या वस्तूत थुंकायचं? तिचं तोंड तर भीतीनं आणि खाऱ्या पाण्यानं कोरडं ठाक. थुंकीच येईना. मग मी तिच्या हातून काच घेतली, आत थुंकले, बोटानं चोळलं, बुचकळून पुढं केली. आत्या म्हणाली, "तुझं उष्टं." मी म्हटलं, "घरी जाऊन अंघोळ कर." तिनं काच चढवली.

ती वाकली, पाइप पाण्यावर राहिला. मी तिच्या पोटाखाली हात धरला होता, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना धरतात तसा. पाइपातून तिचा श्वास ऐकू येत होता, फुस्स, फुस्स, भरभर, मग हळू. मग बराच वेळ आवाजच नाही. मी घाबरून तिला हलवलं. ती वर आली, काच कपाळावर ढकलली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला. "रत्ने," ती म्हणाली, "हलतात गं!"

"काय हलतं?"

"काटे! साळूचे काटे! प्रत्येक वेगळा हलतो. मी पोरींना गोट्याला दाभण टोचल्यासारखं काढून दाखवलं, कडक, उभे. इतक्या वर्षांच्या पोरी चुकीचं शिकून गेल्या. काटे नाहीत ते, पाय आहेत, हात आहेत, काय आहेत कोण जाणे." आणि पुन्हा वाकली.

मीही काच मागून बघितलं, तिच्या नंबरातून मला सगळं वाकडं दिसत होतं, तरी बघितलं. जांभळा काळा गोळा खडकाच्या खाचेत, आणि वाऱ्यानं भाताची लोंबी हलावी तसे त्याचे काटे एका बाजूनं दुसरीकडे हलत जायचे. शेजारी पिवळी, फुलासारखी काहीतरी, लहान मासा जवळ आला की मिटणारी. आठ महिने घरात फिरणारे माझे पाय तिथं कसे रोवले होते, मला आठवतं. आत्या त्या दिवशी ओठ निळे होईस्तोवर बाहेर आली नाही. मी ओढून काढली. निघताना सोमीनं खडकाच्या फटीतून साळूचं एक रिकामं कवच काढून तिच्या ओंजळीत ठेवलं. आत्यानं ते न बघता बोटानं सगळीकडून चाचपलं.

घरी आलो तर अण्णा दारातच. "दर्शन झालं नीट?" तेव्हा आम्हा दोघींच्या एकदम ध्यानात आलं की गोकर्णाला आम्ही गेलोच नव्हतो. देवळाच्या वाटेवरून तीनदा बस गेली, आणि प्रसादसुद्धा आणला नव्हता. मी आईकडे बघायला लागले. आत्यानं पिशवीतून ते कवच काढून अण्णांच्या हातावर ठेवलं. पांढरट, नाजूक, वर ठिपक्यांच्या रांगा, रांगोळीच्या असतात तशा. अण्णांनी ते उजेडात धरून फिरवून पाहिलं. "अक्का," ते म्हणाले, "गोकर्णाला जायला तोंडाला रबर बांधतात, हे मला हौदावरच कळलं होतं." आणि देवघरात जाऊन त्यांनी ते देवांच्या शेजारी ठेवलं. आई "मडीत?" म्हणाली, पण उचललं नाही. तिला बशीचं तेवढं वाईट वाटलं. ते कवच आज माझ्याकडे आहे, अश्विनीला दाखवायचं ठरवलं आहे.

जून उजाडला तोवर नळी आणखी बारीक झाली होती. आत्याला शाळेत पोचवायला मी जायचे आणि वर्गाबाहेर कट्ट्यावर बसायचे. पहिल्याच आठवड्यात तो धडा आला. तिनं फळ्यावर गोल काढला, त्यावर रेघा, रेघा एकमेकींवर चढल्या, काही गोलाच्या आतच राहिल्या. मागच्या बाकावर खुसखुस झाली. मी उठणार होते. आत्यानं खडू खाली ठेवला, हात झटकले, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन दहाही बोटं हलवायला लागली. सगळी एकदम नाही. आधी एक, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर्ग हसला, मग पोरींचेही हात वर गेले. मागून एकीनं कन्नडमध्ये विचारलं, "मिस, तुम्ही स्वतः बघितलंत?"

आत्यानं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं, थोडं चुकीच्या बाजूला, खिडकीकडे, जिथं कुणीच नव्हतं. हात अजून वरच होते, बोटं अजून हलत होती.

"नोडिदे कणम्मा," ती म्हणाली. "बघितलं."